‘कसेल त्याची’ म्हणजे कोणाची? : पक्षाच्या वर्गचारित्र्याचा प्रश्न आणि शेतकरी कामगार पक्ष

राजकीय पक्षाचे वर्गचारित्र्य कसे ठरवावे, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी सोडवावयाचा आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याचे तयार उत्तर हाती घेऊन कादंबरीकडे वळावयाचे, अशी कामाची वाटणी आपल्याकडे रूढ झालेली आहे. ग्रामीण कादंबरीवरील प्रबंधांत ‘अमुक पक्ष बागायतदारांचा, तमुक पक्ष कष्टकऱ्यांचा’ असे विधान एका ओळीत येते आणि पुढील सारे विवेचन त्या ओळीच्या आधाराने चालते. ती ओळ कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे सहसा विचारले जात नाही. एकाच भाषेच्या आत वावरणाऱ्या समीक्षकाचे अशा आळसाने फारसे बिघडत नसेलही. तुलनाकाराचे मात्र बिघडते. मराठी ‘शेतकरी’ आणि कन्नड ‘रैत’ हे शब्द समानार्थी मानून तो दोन कादंबऱ्या शेजारी ठेवतो, तेव्हा त्या शब्दांच्या मागे उभे असलेले माणसांचे दोन वेगळे समूह त्याच्या नजरेतून निसटतात. ‘शेतकरी’ हा शब्द शेतात होणाऱ्या कामावरून घडलेला आहे. ‘रयत’ ह्या शब्दाच्या मुळाशी राजसत्तेखालची प्रजा हा अर्थ आहे. एक शब्द माणसाचे नाते जमिनीशी जोडतो, दुसरा सरकारशी. ह्या दोन शब्दांनी पक्षांना व संघटनांना नावे दिली, आणि नावांमागोमाग दाव्यांची भाषाही दिली.

मराठीपुरते बोलावयाचे तर ह्या प्रश्नाच्या अभ्यासाला शेतकरी कामगार पक्षाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. आपले वर्गचारित्र्य ह्या पक्षाने नावातच जाहीर केले, आणि तेही एका नव्हे, दोन वर्गांच्या नावाने. १९४७-४८च्या सुमारास काँग्रेसच्या अंतर्गत गटातून तो स्वतंत्र पक्ष म्हणून बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, दत्ता देशमुख, क्रांतिसिंह नाना पाटील अशी मंडळी त्यात होती. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात दाभाडी येथे भरलेल्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद हे आपले मार्गदर्शक तत्त्वज्ञान असल्याचे मान्य केले. तो दस्तऐवज ‘दाभाडी प्रबंध’ ह्या नावाने ओळखला जातो. ब्राह्मणेतर चळवळीच्या मुशीत घडलेल्या, पुण्यातील शुक्रवार पेठेतल्या जेधे मॅन्शनच्या परिसरात वाढलेल्या नेतृत्वाने लेनिनचे बोट धरावे, ही घटना तेव्हाही अनेकांना विस्मयकारक वाटली होती. तिचा अर्थ लावण्याचे दोन सोपे मार्ग होते. दाभाडी प्रबंध हेच पक्षाचे खरे रूप मानावयाचे, हा पहिला. प्रबंध हा केवळ मुखवटा असून आत मराठा जमीनधारकांचा नाराज गट आहे असे म्हणावयाचे, हा दुसरा. दोन्ही मार्गांनी वाद पुष्कळ झाला. निर्णय झाला असे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण पुराव्याच्या अभावात नसून निकषाच्या गोंधळात आहे.

निकषाविषयी जुन्या विचारवंतांनी जे सांगून ठेवले आहे ते साहित्याच्या अभ्यासकाला परके नाही. लुई बोनापार्टच्या सत्ताग्रहणावरील १८५२च्या विवेचनात मार्क्सने एक अतिशय सूक्ष्म गोष्ट मांडली. छोट्या दुकानदारांचे राजकीय प्रतिनिधी स्वतः दुकानदार असावे लागत नाहीत. शिक्षणाने आणि राहणीने ते त्यांच्यापासून कितीही दूर असोत, त्यांची बुद्धी ज्या मर्यादांच्या पलीकडे जात नाही त्या मर्यादा दुकानदाराच्या जगण्याच्याही असतात, म्हणून ते त्याचे प्रतिनिधी ठरतात. लेनिनने १९२०मध्ये ब्रिटिश मजूर पक्षाविषयी बोलताना असाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला : सभासद कामगार आहेत एवढ्याने पक्ष कामगारांचा होत नाही, त्याचे नेतृत्व कोण करतो आणि त्याच्या कृतीचा आशय काय, हे पाहावे लागते. बाल्झॅकची राजकीय निष्ठा सरंजामी राजसत्तेकडे असूनही त्याच्या कादंबऱ्यांनी त्या सत्तेचा अटळ ऱ्हासच दाखविला, हे एंगल्सचे १८८८च्या पत्रातील निरीक्षण तर साहित्यविचारात सर्वपरिचित आहे. लेखकाची जात, वर्ग आणि जाहीर मते ह्यांवरून कृतीचे मोल ठरवू नये, हे आपण एंगल्सकडून शिकलो. तोच विवेक पक्षाबाबत मात्र आपण सोडून देतो आणि नेत्याचे आडनाव पाहून मोकळे होतो.

आडनावाचा पुरावा निरुपयोगी आहे असे नाही. तो अपुरा आहे. शेतकरी कामगार पक्षाच्या आणि महाराष्ट्रातील काँग्रेसच्या नेतृत्वाची सामाजिक घडण शेजारी ठेवून पाहिली तर १९६०च्या आसपास ती जवळजवळ सारखी दिसते. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे १९५४मध्ये काँग्रेसमध्ये परतले. १९५९च्या नोव्हेंबरात जेधे वारले आणि बारामती लोकसभेच्या १९६०च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे ह्यांना उभे केले. त्यांच्यासमोर शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते वसंतराव पवार; आणि वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार काँग्रेसचा प्रचार करीत होते. पक्षाच्या संस्थापकाचा मुलगा पक्षाविरुद्ध, आणि पक्षाच्या उमेदवाराचा भाऊही पक्षाविरुद्ध. ह्या एका निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या सामाजिक मुळांचा इतका गुंता दिसतो की कुळी आणि घराणे ह्यांवरून वर्ग ओळखू पाहणाऱ्याने येथेच थांबावे. यशवंतराव चव्हाणांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’ला जे यश आले त्याचे एक कारण हेच होते : बेरीज सजातीय संख्यांची होती. जयंत लेले ह्यांनी १९८१च्या ग्रंथात महाराष्ट्रातील मराठा अभिजनवर्गाच्या वर्चस्वाचे जे विश्लेषण केले, त्याच्या प्रकाशात ही बेरीज अधिक स्पष्ट होते.

मग भेद कोठे होता? तो शोधण्यासाठी पक्षाच्या घोषणेकडे वळावे लागते, आणि येथे साहित्याच्या अभ्यासकाची साधने राज्यशास्त्राच्या साधनांपेक्षा अधिक कामाला येतात. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा महाराष्ट्रात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि काँग्रेसही, अशा सर्वांच्या तोंडी होती. कन्नडमध्ये तिचेच जुळे भावंड ‘उळुववने होलदोडेय’ हे आहे : जो नांगरतो तोच शेताचा धनी. दोन्ही घोषणांत क्रियापद कळीचे आहे. कन्नड ‘उळु’ म्हणजे नांगरणे. नांगराची मूठ कोणाच्या हातात आहे हे डोळ्यांना दिसते. मराठी ‘कसणे’ अधिक सैल आहे. स्वतः राबणारा जमीन कसतो, गडी ठेवून बांधावर उभा राहणाराही ‘माझी जमीन मीच कसतो’ असे सहज म्हणतो, आणि त्यात भाषेच्या दृष्टीने काही खोटे नसते. ह्या सैलपणाला मुंबईच्या १९४८च्या कूळ कायद्याने कायदेशीर रूप दिले. ‘जातीने कसणे’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत त्या कायद्याने स्वतःचे श्रम, कुटुंबीयांचे श्रम, आणि जातीने देखरेख ठेवून मजुरांकडून करविलेले श्रम ह्या तिन्ही गोष्टी बसविल्या. पिकातील वाटा देऊन कसविणे तेवढे वगळले. अर्थात वाटेकऱ्याला काढून रोजंदारीचा गडी ठेवला की जमीनमालक एका रात्रीत ‘कसणारा’ होऊ शकत होता. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर ह्यांनी १९५७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कायद्याच्या अंमलाचे जे चित्र पुढे आले, ते कूळ कागदोपत्री संरक्षित आणि प्रत्यक्षात असुरक्षित असल्याचे होते. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला व त्या दिवशी कुळे मालक झाल्याचे मानले गेले. पण तोपर्यंत किती कुळे कूळ म्हणून उरली होती, हा प्रश्न त्या पाहणीने आधीच उभा केला होता.

पक्षाच्या वर्गचारित्र्याचा पुरावा ह्या व्याख्येपाशी शोधावा लागतो. ‘कसेल त्याची’ म्हणणारे सारे एका बाजूला दिसतात. ‘कसणे’ म्हणजे काय ह्याचा खुलासा करण्याची वेळ येते तेव्हा ते वेगळे होतात. मजुराकडून करविलेले श्रम ज्याला ‘कसणे’ वाटतात, तो पक्ष कुळाचा असू शकेल, मालक-शेतकऱ्याचा असू शकेल, शेतमजुराचा मात्र असू शकत नाही. शेतकरी कामगार पक्षाने कुळाची बाजू निःसंशय घेतली. त्याच्या नावातील ‘कामगार’ हा मात्र प्रामुख्याने गिरणीतला आणि कारखान्यातला; बांधावर रोजंदारीने येणारी बाई त्या शब्दात स्वाभाविकपणे येत नाही. तिच्यासाठी मराठीत ‘शेतमजूर’ हा शब्द आहे आणि तो पक्षाच्या नावात नाही. नावाचा एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. पण दोन शब्दांच्या मध्ये जो माणूस गळून पडतो तोच गावात संख्येने मोठा असेल, तर काथ्याकूट करणे भाग आहे.

ह्याच्या उलट उदाहरण पक्षाच्या स्थापनेआधी दहा-बारा वर्षांचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला तेव्हा त्यांनी अस्पृश्यांच्या नावाऐवजी ‘मजूर’ हा शब्द निवडला. १९३७च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत पक्षाने उभे केलेल्या उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात आंबेडकरांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू म्हणून त्यांनी एकत्र उच्चारले. सभासदांची जात पाहणाऱ्याला हा ‘एका जातीचा’ पक्ष वाटला. कृती पाहणाऱ्याला मात्र दिसते की खोतीविरोधाचा लाभ कोकणातील कुणबी आणि आगरी कुळांना महार कुळांइतकाच होणार होता. १९४२मध्ये पक्षाच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले आणि ‘वर्गाकडून जातीकडे’ अशी त्या बदलाची व्याख्या अनेकांनी केली. ती फार घाईची आहे. पुढे १९५७मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला आणि दोन वर्षांतच तो दुभंगला. दादासाहेब गायकवाडांचा गट भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या बाजूचा, तर बी. सी. कांबळे ह्यांच्या गटाला कम्युनिस्टांशी जवळीक आणि आर्थिक प्रश्नांना दिलेले हे प्राधान्य आंबेडकरी घटनात्मक मार्गापासून ढळणारे वाटले. एकाच जातीच्या, एकाच नेत्याच्या अनुयायांत फूट पडली ती जमिनीच्या प्रश्नावर. जातीच्या आत वर्ग बोलू लागल्याचा ह्याहून स्वच्छ पुरावा मराठी राजकारणात क्वचितच सापडेल. वर्ग आणि जात ही दोन स्वतंत्र कोष्टके नाहीत, हे शरद पाटील ह्यांनी १९७८मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढताना आग्रहाने मांडले. त्यांच्या तात्त्विक निष्कर्षांशी मतभेद असले तरी ही दुरुस्ती मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

फूट हा पक्षाच्या चारित्र्याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार आहे, असे ह्यावरून सुचते. ऐक्याच्या काळात पक्ष सर्वांना सर्व काही सांगू शकतो. फुटीच्या वेळी त्याला कोणाला तरी नकार द्यावा लागतो. शेतकरी कामगार पक्षाच्या पहिल्या फुटी ह्या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. दत्ता देशमुखांसारखे कार्यकर्ते डावीकडे बाहेर पडले, त्यांनी कामगार किसान पक्ष काढला आणि पुढे ते लाल निशाणाकडे गेले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडे गेले व त्या पक्षाच्या वतीने १९५७मध्ये साताऱ्यातून व १९६७मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. जेधे-मोरे उजवीकडे, सत्तेच्या दिशेने गेले. मध्ये जो उरला तो पक्ष. दोन्ही टोकांची माणसे गळून गेल्यावर उरलेल्या मध्याचा वर्ग कोणता?

उत्तर रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, सर्वांत स्पष्टपणे मिळते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३मध्ये खोतांविरुद्ध सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९पर्यंत चालला. सहा वर्षे कुळांनी भाताची जमीन कसली नाही. नेतृत्व नारायण नागू पाटील ह्यांचे. डिसेंबर १९३४मध्ये आंबेडकर चरीला येऊन गेले. ‘कृषिवल’ हे पत्र १९३७मध्ये ह्याच चळवळीतून निघाले. खोती कायद्याने १९४९मध्ये गेली. चरीच्या परिसरातील आगरी कूळ पुढे शेतकरी कामगार पक्षाचे सर्वांत निष्ठावान मतदार झाले, आणि अलिबाग-पेण-पनवेल-उरण हा पट्टा पक्षाचा बालेकिल्ला. येथवर पक्षाचे वर्गचारित्र्य सरळ आहे : तो कुळांचा पक्ष होता.

पण कूळ हा वर्ग स्थिर नसतो. त्याचा विजयच त्याला नाहीसा करतो. कूळ जिंकले की मालक होते. १९५७नंतर तेच घर, तेच आडनाव, तेच भाताचे खाचर, आणि मतही त्याच पक्षाला. बदलले ते जमिनीशी असलेले नाते. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी ठाणे-रायगडमधील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली आणि नुकताच मालक झालेला शेतकरी ‘प्रकल्पग्रस्त’ झाला. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले त्यात गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आले. मागणी न्याय्य होती ह्याविषयी दुमत असू नये. तरीही तिचा वर्गीय आशय १९३३च्या मागणीपेक्षा वेगळा आहे, हे नोंदविणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. चरीत कूळ म्हणत होते की राबणाऱ्याला पीक मिळावे. उरणमध्ये मालक म्हणत होता की जमिनीच्या वाढणाऱ्या किमतीत त्याचा वाटा असावा. साडेबारा टक्के मिळाले ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. त्याच शेतात रोजाने जाणाऱ्याला टक्केवारी लागू नव्हती.

त्याच जिल्ह्यातील कातकरी ह्या हिशेबात कोठे बसतो? वीटभट्टीवर, मिठागरात, भातलावणीला मजुरी करणारा, बहुतांशी भूमिहीन असा हा समाज पक्षाच्या बालेकिल्ल्यातच राहत होता. त्याच्या जमिनीचे आणि घराखालच्या जागेचे प्रश्न घेऊन जी संघटना पुढे उभी राहिली ती सर्वहारा जन आंदोलन. शेतकरी कामगार पक्ष नव्हे. ह्याचा अर्थ पक्ष कातकऱ्यांच्या विरोधात होता असा काढणे अन्यायाचे होईल. एन. डी. पाटील ह्यांच्यासारखा नेता २००८मध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध २२ गावांच्या जनमतापर्यंत लढा नेतो, तेव्हा त्या लढ्याने भूमिहीनांचेही गाव वाचते. पण मार्क्सने दुकानदाराच्या प्रतिनिधीविषयी जे म्हटले ते येथे तंतोतंत लागू पडते. पक्षाच्या बुद्धीची मर्यादा कुळातून मालक झालेल्या शेतकऱ्याच्या जगण्याच्या मर्यादेशी जुळते. त्या रेषेपलीकडचा प्रश्न त्याला दिसतो, सहानुभूतीने दिसतो, आणि तरी तो ‘आपला’ प्रश्न होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हे उदाहरण ह्या चित्राला थोडे छेद देणारे आहे. गणपतराव देशमुख १९६२पासून तेथून ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. कोरडवाहू, दुष्काळी तालुका. धनगर समाजाची मोठी वस्ती. पुढे डाळिंब आणि सहकारी सूतगिरणी. येथे पक्षाचा मतदार बागायतदार नव्हता आणि कूळही नव्हता. पावसाची वाट पाहणारा छोटा जमीनधारक होता, जो दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला मजुराच्या रांगेत उभा राहतो. अशा माणसाच्या बाबतीत शेतकरी आणि मजूर ही रेषा वर्षागणिक सरकते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७मध्ये केला व त्याच्या खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसविला, तेव्हा त्या योजनेला सधन शेतकऱ्याचाही विरोध झाला नाही, ह्याकडे काही अभ्यासकांनी बोट दाखविले आहे : पैसा शहराचा, रस्ते आणि बंधारे गावाचे, आणि मजूर गावातच राहणार. एकाच कायद्याने दोन वर्गांचे भले होत असेल तर त्याच्या समर्थनावरून पक्षाचा वर्ग ओळखता येत नाही. तो ओळखण्यासाठी लावणीच्या आठवड्यात हमीचे काम सुरू ठेवावे की बंद, असा प्रश्न उभा राहण्याची वाट पाहावी लागते.

बेंगळुरूकडून ह्या साऱ्याकडे पाहिले की आणखी एक अडचण समोर येते. कर्नाटक राज्य रैत संघ १९८०मध्ये, नरगुंद-नवलगुंदच्या आंदोलनानंतर उभा राहिला. शरद जोशींची शेतकरी संघटना जवळजवळ त्याच काळातली. दोन्हींचा सामाजिक आधार बाजारासाठी पिकविणारा, स्वतःची जमीन असलेला शेतकरी. रुडॉल्फ दांपत्याने १९८७मध्ये त्याला ‘बैलजोडीवाला भांडवलदार’ असे नाव दिले होते. वर्ग सारखा म्हणावा तर भूमिकाही सारख्या निघावयास हव्या होत्या. झाले उलटेच. डंकेल प्रस्ताव आला तेव्हा जोशींनी खुल्या बाजाराचे स्वागत केले, आणि एम. डी. नंजुंडस्वामी ह्यांच्या रैत संघाने डिसेंबर १९९२मध्ये बेंगळुरूतील कारगिल कंपनीच्या कार्यालयात शिरून कागदपत्रे रस्त्यावर जाळली. एका संघटनेला सरकार हा शोषक दिसत होता, दुसरीला परदेशी बियाणे कंपनी. ह्यावरून वर्गाचा निकष फोल ठरतो काय? तसे नाही. दोघांच्याही कल्पनेत शोषक गावाच्या बाहेर होता, हे साम्य ह्या विरोधापेक्षा खोल आहे. गाव एकसंध आहे, त्याच्या आत मालक आणि मजूर असे दोन पक्ष नाहीत, हे गृहीतक दोघांनाही हवे होते, आणि ते ज्या वर्गाला सोयीचे असते तोच वर्ग दोघांच्याही मुळाशी होता. भेद वैचारिक वारशातून आला : एकीकडे लोहियांचा समाजवाद, दुसरीकडे उदारमतवादी अर्थशास्त्र. विषय कोणता आहे हे वर्ग ठरवतो, त्यावर बोलावयाचे काय हे परंपरा ठरवते, असे फार तर म्हणता येईल.

कर्नाटकाचा आणखी एक धडा आहे आणि तो पक्षनिष्ठ अभ्यासकांना रुचणारा नाही. १९५१मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील कागोडू येथे खंडाच्या धान्याच्या मापावरून दीवर कुळांचा सत्याग्रह झाला, समाजवादी पक्षाने तो उचलला, शांतवेरी गोपाल गौडा त्यातून पुढे आले. पण कुळांना मालकी देणारा निर्णायक कायदा १९७४मध्ये केला तो देवराज अर्स ह्यांच्या काँग्रेस सरकारने. १ मार्च १९७४पासून खंडाने दिलेली जमीन सरकारजमा झाली आणि तालुक्यातालुक्यांत न्यायमंडळे बसली. ज्या पक्षाच्या नावात वा जाहीरनाम्यात वर्गाचा डंका नव्हता त्याने ते केले. अर्स स्वतः प्रबळ जातींपैकी कोणत्याच जातीचे नव्हते, आणि त्या जातींची पकड सैल करण्यासाठी त्यांना कुळांची व मागासवर्गीयांची गरज होती. कृतीचा आशय पाहा, असे लेनिनने सांगितले ते खरेच. परंतु कृती पक्षाच्या स्वभावातून आली की त्या क्षणीच्या गरजेतून, हे कृतीकडे पाहून कळत नाही. ते कळण्यास काळ जावा लागतो. अर्स गेल्यानंतर त्यांच्या पक्षाने तो स्वभाव किती टिकविला, हे पाहिले की उत्तर मिळते.

गोपाल गौडांच्या जीवनावरून सुचलेली यू. आर. अनंतमूर्ती ह्यांची ‘अवस्थे’ (१९७८) ही कादंबरी येथे पुरावा म्हणून कामी येते, मात्र वेगळ्या प्रकारचा पुरावा. शेतकऱ्यांचा नेता कृष्णप्पा पक्षाघाताने खिळून पडला आहे आणि त्याच वेळी सत्ता त्याच्या अंथरुणापर्यंत चालत आली आहे. गुराख्याचा पोर कुळांचा नेता झाला. आता त्याच्याभोवती ज्यांच्या सोयी आणि ज्यांचे उपकार आहेत ते कुळे नाहीत. पक्षाचा पैसा कोठून येतो हा प्रश्न संशोधकाला दस्तऐवजांत क्वचितच सोडविता येतो, कारण दस्तऐवज तो नोंदवीत नाहीत. कादंबरी तो आजारी माणसाच्या खोलीत आणून ठेवते. मराठीत अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये राजकीय व्यवहाराची ही बाजू आहे, पण ती राजधानीच्या उंचीवरून दिसते, कुळाच्या नेत्याची आतून होणारी वर्गांतराची प्रक्रिया इतक्या जवळून दाखविणारी, शेतकरी कामगार पक्षाच्या अनुभवावर उभी असलेली कादंबरी मराठीने अजून लिहिलेली दिसत नाही. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधील एकनाथ हा शेतकऱ्याचा सुशिक्षित मुलगा आहे, पक्ष त्याच्या जगाच्या कडेवर उभे आहेत, केंद्रात नाहीत. चरीच्या संपापासून उरणच्या गोळीबारापर्यंतची पन्नास वर्षे एकाच घराच्या तीन पिढ्यांत मावतात. असे कथानक वाटेवर पडून राहावे हे आश्चर्यकारक आहे.

शब्दांचा हा प्रवास आता कायद्याच्याही हद्दीबाहेर गेला आहे. कर्नाटकाने २०२०मध्ये जमीन सुधारणा कायद्यातील ७९अ व ७९ब ही कलमे काढून टाकली आणि शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावरील बंदी उठविली. बेंगळुरूभोवतालच्या तालुक्यांत त्याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात ती बंदी कूळ कायद्याच्या ६३व्या कलमाने अद्याप आहे, आणि म्हणूनच तेथे शेतकरी असल्याचा दाखला ही मोलाची वस्तू आहे. अलिबागच्या किनाऱ्यालगत जमीन घेऊ इच्छिणारा मुंबईकर आधी तो दाखला मिळवितो. विकणारा अनेकदा १९३३च्या संपकऱ्याचा नातू असतो. व्यवहाराच्या कागदावर दोघेही ‘शेतकरी’ असतात. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाला रायगडमध्ये एकही जागा मिळाली नाही. सांगोल्याची एक मिळाली. त्या किनाऱ्याच्या मागे, डोंगराकडच्या वाड्यांवर, कातकऱ्यांच्या कित्येक घरांखालची जागा आजही दुसऱ्याच्या नावावर आहे.